गटात न बसणारे पद

गटात न बसणारे पद ओळखा: गाय, म्हैस, शेळी, मेंढी.

पाचवीच्या स्कॉलरशिपच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत खपून जाईल असा हा प्रश्न मी आत्ताच तयार केला आहे. उत्तरसूचीत अर्थातच ‘मेंढी’ असणार. बाकीच्या तिघी दूध देतात, मेंढी लोकर देते. आता हाच प्रश्न जत तालुक्यातल्या माडग्याळच्या माळावर, मेंढरामागं हिंडणाऱ्या एखाद्या पोराच्या नजरेनं वाचून बघा. माडग्याळी मेंढी उंच, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार. लोकरीसाठी तिला कुणी पाळत नाही. तिचं मोल मटणाला, आणि रानात कळप बसवला तर लेंडीखताला. त्या पोरानं ‘म्हैस’वर गोल रंगवला तर? बाकीच्या तिघी माळावर कशाही जगतील. म्हशीला डुंबायला पाणी लागतं, आणि जतेत पाणी हीच तर बोंब. उत्तर चुकलं. तर्क चुकला असं मात्र मला म्हणवत नाही.

जत हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. क्षेत्रफळ जिल्ह्याच्या जवळपास चौथ्या हिश्श्याएवढं. सांगलीहून नव्वदेक किलोमीटर, विजापूर त्याहून जवळ. १९४८ पर्यंत डफळ्यांचं संस्थान. कृष्णाकाठचा ऊस, मिरजेची हळद, वाळव्याची सहकारी श्रीमंती हे सगळं याच जिल्ह्यातलं; पण जतला पोचेपर्यंत हिरवा रंग संपत आलेला असतो. उमदी, संख, तिकोंडी या पूर्व भागात घरात कन्नड, बाजारात दोन्ही, आणि शाळा काही मराठी, काही कन्नड. म्हैसाळ उपसा योजनेच्या पाण्यासाठी इथल्या चाळीस गावांनी आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या म्हणून ठराव केले होते, आणि २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी ते उकरून काढल्यावर राज्यभरच्या वृत्तवाहिन्यांना जत नावाचा तालुका आहे हे कळलं. तो गदारोळ महिनाभरात विरला. मला सांगायचं आहे ते वेगळ्याच कागदाबद्दल: दर हिवाळ्यात इथल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांपुढं येणाऱ्या ‘बौद्धिक क्षमता चाचणी’बद्दल.

तिचं लांबलचक नाव राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षा. शाळेत सगळे एनएमएमएस म्हणतात. केंद्र सरकारनं २००८ साली योजना सुरू केली. हेतू सरळ: आठवीनंतर गरिबाघरची हुशार मुलं शाळा सोडतात, ती सुटू नयेत. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. देशभरात दरवर्षी एक लाख शिष्यवृत्त्या, महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२. बसणारी मुलं अडीच लाखांच्या मागं-पुढं. पेपर दोन. शालेय क्षमता चाचणीत विज्ञान, समाजशास्त्र, गणित. बौद्धिक क्षमता चाचणीत ९० प्रश्न, ९० मिनिटं. मिनिटाला एक.

या दुसऱ्या पेपराचा दावा मोठा आहे. पुस्तकात काय शिकलास हे तो विचारत नाही; तू मुळात विचार कसा करतोस ते बघतो. मालिका, समसंबंध, वर्गीकरण, सांकेतिक भाषा, दिशा, नातेसंबंध, आरशातली प्रतिमा, लपलेली आकृती. पाचवीच्या स्कॉलरशिपला तर ‘बुद्धिमत्ता चाचणी’ या विषयालाच १०० गुण. पलूसच्या नवोदय विद्यालयात सहावीला जायचं तर प्रवेशपरीक्षेतले ८० पैकी ४० प्रश्न मानसिक क्षमतेचे, आणि तेही निव्वळ आकृत्यांचे. शाळेत पोरं म्हणतात, ‘‘आज बुद्धिमत्तेचा तास आहे.’’ बुद्धिमत्तेचा तास असतो, तिचा गृहपाठ असतो, तिची मार्गदर्शिका मिळते. या वाक्यातली गंमत आपल्याला आता जाणवेनाशी झाली आहे.

ती जाणवावी म्हणून थोडं मागं जावं लागेल, आणि सुदैवानं फार लांब नाही. १९३४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ एज्युकेशनल सायकॉलॉजी’ या नियतकालिकात व्ही. व्ही. कामत यांचा एक शोधनिबंध आला. विषय: बिने यांच्या बुद्धिमापन श्रेणीची भारतीय मुलांसाठी केलेली सुधारणा, कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांवर. काम धारवाडचं. तेव्हा धारवाड आणि विजापूर मुंबई इलाख्यात होते, जत विजापूरला लागून असलेलं संस्थान. १९४० मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसनं त्यांचं भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचं पुस्तक काढलं. ‘बिने-कामत चाचणी’ या नावानं ती श्रेणी पुढं देशभर पसरली आणि मतिमंदत्वाचं निदान करायला दवाखान्यांतून दशकानुदशकं वापरली गेली. कामतांच्या आधी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातल्या हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्तानीत प्रयत्न केला होता. पण मराठी-कन्नड पट्ट्यातलं मूल डोळ्यांपुढं ठेवून, त्याच्या दोन्ही भाषांत, पहिलं गंभीर काम झालं ते इथं, आपल्या उंबऱ्यात. जतच्या एकाही शाळेत कामतांचा फोटो नसेल. असायला हरकत नव्हती.

कामतांनी ज्या बिनेला हात घातला त्याची गोष्ट तर शिक्षकांनी पाठच करावी. आल्फ्रेद बिने आणि थेओदोर सिमोन यांनी १९०५ साली पॅरिसात ३० प्रश्नांची श्रेणी बनवली ती हुशार पोरं निवडायला नव्हे. सक्तीचं शिक्षण आलं होतं, वर्गात मागं पडणारी मुलं शोधून त्यांना जादा मदत द्यायची होती. बुद्धी जन्मतः ठरते आणि वाढत नाही, असं म्हणणाऱ्यांवर बिने यांनी १९०९ च्या पुस्तकात चांगलीच तोफ डागली. १९११ मध्ये ते गेले. अमेरिकेनं चाचणी उचलली आणि उलटी धरली. १९१७ पासून साडेसतरा लाखांच्या आसपास सैनिकांना चाचण्या दिल्या गेल्या. त्यांत अमेरिकी जाहिरातींतल्या मालाबद्दलचे प्रश्न होते, आणि नुकतेच बोटीतून उतरलेले इटालियन आणि पोलिश त्यांत नापास झाले तेव्हा त्यांचा वंशच मंद ठरवण्यात आला. कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये तसं पुस्तक लिहिलं, १९२६ मध्ये त्याच घडणीची ‘सॅट’ ही प्रवेशपरीक्षा आणली आणि १९३० मध्ये आधीचे निष्कर्ष चुकले असं छापून कबूल केलं. पुस्तक मागं पडलं. परीक्षा अजून चालू आहे. आपल्या शाळांतली बुद्धिमत्ता चाचणी या दोन्ही घराण्यांचं मिश्र अपत्य. मदत कुणाला द्यायची हे ठरवायला घेतात, पण पद्धत गाळणीची.

भाषेची अडचण सरकारला माहीत नाही असं नाही. स्कॉलरशिप कन्नडसह अनेक माध्यमांतून होते. पण माध्यम बदललं की प्रश्न बदलतो असं थोडंच आहे? नातेसंबंध हा प्रकार घ्या. ‘चित्रातल्या पुरुषाकडे बोट दाखवून सीमा म्हणाली, हा माझ्या आईच्या भावाच्या...’ वगैरे. पुण्याच्या सदनिकेतल्या मुलाला हे कोडं. त्याच्या घरात मामा तो मामा आणि सासरा तो सासरा. जतेत मामाच्या मुलीशी लग्न ही अगदी रुळलेली गोष्ट. कन्नडात ‘माव’ म्हणजे सासरा, आणि आईचा भाऊही ‘सोदरमाव’. ‘अत्ते’ म्हणजे आत्याही आणि सासूही. मराठी बोलणाऱ्या शेजारणीच्या तोंडीही सासूला ‘आत्याबाई’च असतं. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या आपल्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण या दोन पद्धतींच्या मधला पट्टा असल्याचं दाखवलं आहे; जतला तो पट्टा घराघरांतून जातो. इथली दहा वर्षांची पोरगी नात्याच्या दोन-दोन वाटा एकदम डोक्यात धरून चालते. उत्तरसूचीला एकच हवी असते. गंमत म्हणजे आठवीच्या स्कॉलरशिपला काही प्रश्नांची चारांपैकी दोन उत्तरं बरोबर असतात आणि दोन्ही रंगवली तरच गुण मिळतात. ही सोय नातेसंबंधांच्या प्रश्नाला कुणी लावून बघायला हवी होती. (शिवाय धाकट्या बहिणीला कन्नडात ‘तंगी’ म्हणतात. मराठी पेपरात ‘पैशाची तंगी’ वाचून एखादं पोर क्षणभर थबकत असेल, तर त्या क्षणाचे गुण कोण धरणार.)

आकृत्यांना भाषा नसते, म्हणून आकृत्यांचे प्रश्न सगळ्यांना सारखे, असं शिक्षकांसकट सगळे समजतात. १९३८ साली रेव्हन यांनी आकृतींच्या चौकटींची चाचणी काढली तीही याच भरवशावर. पण न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात देशोदेशीचे जुने निकाल मांडले तेव्हा पिढ्यांमागून पिढ्यांचे गुण चढत गेलेले दिसले, दशकाला साधारण तीन. आणि सगळ्यात जास्त चढले ते या बिनभाषेच्या आकृत्यांतच. आजोबा मंद आणि नातू प्रज्ञावान असा याचा अर्थ कोण लावेल? फ्लिन यांचं म्हणणं, बदलला तो जगाकडं बघायचा चष्मा. वस्तू हातात न धरता तिचा वर्ग, तिचा नियम मनात फिरवायची सवय शाळेनं आणि कागदावरच्या कामानं लावली.

याला त्यांनी आधार घेतला अलेक्सांद्र लुरिया या रशियन मेंदूतज्ज्ञांच्या १९३१-३२ मधल्या उझबेकिस्तानातल्या कामाचा. निरक्षर शेतकऱ्यांपुढं हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका अशी चित्रं ठेवली आणि गटात न बसणारं काढा म्हटलं. ओंडका काढायचा, बाकी अवजारं, हे आपलं उत्तर. शेतकरी काही केल्या ओंडका काढेनात. ओंडका नसेल तर करवत चालवायची कशावर? शाळेत वर्ष-दोन वर्षं काढलेल्यांनी मात्र ओंडका लगेच बाजूला केला. हा निष्कर्ष सोव्हिएत सत्तेला रुचला नाही आणि पुस्तक छापून यायला १९७४ उजाडलं. माडग्याळच्या म्हशीचा प्रश्न लिहिताना माझ्या डोक्यात तो ओंडकाच होता.

दुसऱ्या टोकाचा पुरावाही आहे. ब्राझीलच्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांचा तोंडी हिशेब जवळजवळ अचूक. तेच आकडे कागदावर मांडून दिले की निम्म्याहून जास्त चुकत, असं १९८५ मध्ये नोंदवलं गेलं. २०२५ च्या सुरुवातीला अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या १,४०० वर मुलांबद्दल तेच दाखवलं, आणि वर हेही, की शाळेतल्या हुशारांना बाजारातला हिशेब जमत नाही. जतच्या आठवडा बाजारात कुणी ही तपासणी केलेली मला माहीत नाही. तिथं शेरडू विकताना बापाच्या शेजारी उभं राहिलेल्या पोराला आकडेमोड येत नाही असं म्हणायची मात्र माझी छाती नाही.

म्हणजे चाचणी खोटी का? नाही. तिचे गुण पुढच्या शाळेतल्या यशाचा बऱ्यापैकी अंदाज देतात, हे शंभर वर्षं दिसत आलं आहे. ज्ञान प्रबोधिनीनं १९६२ पासून पुण्यात चाचण्यांच्या आधारे मुलं निवडून जे काम उभं केलं त्यात आणि तिच्या मानसशास्त्र संस्थेत बुद्धीचे अनेक पैलू वेगळे मोजायची धडपड झाली. नागपुरात मालिन यांनी साठच्या दशकात वेक्सलर यांची बुद्धिमापन श्रेणी भारतीय मुलांसाठी बसवली. ही प्रामाणिक, चिकाटीची कामं. अडचण आहे ती ‘मुळात’ या शब्दाची. २०१८ मध्ये रिची आणि टकर-ड्रॉब यांनी सहा लाखांहून जास्त माणसांचे अभ्यास एकत्र करून पाहिले: शाळेचं एक वर्ष वाढलं की बुद्ध्यंक एक ते पाच गुणांनी वाढतो. शाळेपलीकडचं काही मोजतो म्हणणारा पेपर बऱ्याच अंशी शाळाच मोजत असतो.

आणि इथं जतची खरी गोष्ट सुरू होते, कारण जतेत शाळा वर्षभर असली तरी मूल वर्षभर असेलच असं नाही.

दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तालुक्याच्या कोरड्या भागातून नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, मुकादमाकडून उचल घेऊन कृष्णाकाठच्या, कोल्हापूरच्या, सीमेपलीकडच्या कारखान्यांवर जाते. २०२४ चा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला. एनएमएमएस परीक्षा झाली २२ डिसेंबरला. त्याआधीच्या वर्षी हंगाम १ नोव्हेंबरला, परीक्षा २४ डिसेंबरला. पाचवी-आठवीची स्कॉलरशिप ९ फेब्रुवारी २०२५. नवोदयची प्रवेशपरीक्षा जानेवारीत, २०२५ मध्ये तर १३ डिसेंबरला ठरली. गरिबाघरचं हुशार मूल शोधायच्या तिन्ही परीक्षा नेमक्या त्या चार महिन्यांत, ज्यांत तालुक्यातली गरिबातली गरीब घरं कुलूपबंद असतात. स्कॉलरशिप चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीला नेली, २०२५ मध्ये पुन्हा चौथी-सातवीकडं न्यायचं ठरलं. इयत्तेची एवढी चर्चा झाली, महिन्याची होत नाही.

सरकारी उपाय आहेत. हंगामी वसतिगृह योजनेत मागं राहिलेल्या मुलांच्या जेवणाची सोय होते. आजी-आजोबा असतील तिथं ती चालते. बरोबर जाणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड मिळतं, ते दाखवून कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं. पण एनएमएमएसचा अर्ज भरायचा गावच्या शाळेनं, प्रवेशपत्र यायचं गावच्या शाळेच्या लॉगिनवर, केंद्र तालुक्यात. आठवीतली मुलगी फडावर गेली ती बहुधा धाकट्या भावंडाला सांभाळायला, मोळीला हात लावायला. तिला ९० मिनिटांच्या पेपरासाठी परत आणायचं म्हणजे घरातल्या एकाची हजेरी बुडवायची. शिवाय निवड जिल्हावार होते. ज्या फडात जतची आई मोळ्या बांधते, त्याच फडाशेजारच्या गावातल्या, वर्षभर शाळेत बसलेल्या मुलाशी जतच्या मुलीची स्पर्धा. उत्पन्नाचा दाखला दोघांकडे सारखाच.

हिवाळ्याच्या या निवडीबद्दल मानसशास्त्राकडंही काही सांगण्यासारखं आहे. २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा निबंध आला. तामिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक. त्यांना एकदा तोडणीआधी, हात टंचाईत असताना, आणि एकदा उसाचं बिल हाती आल्यावर रेव्हनच्या आकृत्या दिल्या. तोच माणूस टंचाईत कमी गुण मिळवतो. चिंता डोक्यातली जागा खाते, असा त्यांचा अर्थ. पुढं अमेरिकेत पगाराआधी आणि पगारानंतर तपासलं तेव्हा मात्र असा फरक दिसला नाही, त्यामुळं याला वेदवाक्य करू नये. तरी लक्षात घ्या, तामिळनाडूत मालकाची चाचणी झाली. तोडणाऱ्याची कुणी घेतली नाही, त्याच्या पोराची तर नाहीच.

आईच्या पोटातली गोष्ट आणखी जुनी. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढं त्यांच्या मुलांचा माग ठेवला. मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांतल्या काहींच्या चाचण्या घेतल्या. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-१२ फार कमी होतं त्यांची मुलं एकाग्रतेच्या आणि आकडे उलटे म्हणायच्या चाचणीत मागं होती. रेव्हनच्या आकृत्यांत मात्र फरक दिसला नाही. मला यातली दुसरी अर्धी ओळ जास्त महत्त्वाची वाटते. एकाच मुलाचं एक अंग दबतं, दुसरं शाबूत राहतं, आणि आपण एका बेरजेला बुद्धी म्हणतो.

मग जादा तास घेणारे शिक्षक काय करतात? माझ्या मते ते या सगळ्या यंत्रणेतलं सर्वांत शहाणं काम करतात, कारण ‘मुळात’ या शब्दावर त्यांचा विश्वासच नाही. शिकवलं की बुद्धिमत्ता वाढते, हे त्यांना कुणी शोधनिबंधातून सांगितलेलं नाही. ब्रुकलिनच्या स्टॅनली कॅप्लान यांनी १९४६ मध्ये तळघरात ‘सॅट’ची शिकवणी काढली तेव्हा परीक्षा घेणारी संस्था म्हणत होती की ही परीक्षा शिकवून येतच नाही, कॅप्लान यांनी पुढं त्याचा साम्राज्याएवढा धंदा केला. इकडं शिष्यवृत्तीधारकांसाठी कोल्हापूर जिल्ह्याचं नाव राज्यात घेतलं जातं, ते काही तिथल्या पाण्यात बुद्धी असते म्हणून नव्हे. सकाळी नऊचा तास, रविवारचा सराव पेपर, उत्तरपत्रिकेचे गोल न चुकता भरायची सवय. जतचे शिक्षकही हेच करतात. फक्त त्यांच्या वर्गातली हजेरी नोव्हेंबरात गळते आणि एप्रिलमध्ये परत भरते. कन्नड शाळांत तर भाषा येणारा शिक्षक मिळणं हाच आधी प्रश्न; २०२४ मध्ये तिथं मराठी शिक्षक नेमल्याची तक्रार थेट कर्नाटकातून झाली होती.

एवढं करून निवड झालेल्या मुलीला नववीत महिना हजार रुपये मिळू लागतात, खातं आधारला जोडलेलं असेल आणि दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण झालं तर. दहावीला ६० टक्के पडले पाहिजेत, अनुसूचित जाती-जमातींना ५५, नाहीतर पुढची दोन वर्षं गेली. मराठा-कुणबी मुलांत पास होऊनही निवड हुकलेल्यांना ‘सारथी’ ही संस्था महिना ८०० देते. दुसरीकडं एका कोयत्याची उचल लाखाच्या घरात जाते, आणि ती एकरकमी असते, पोर्टलशिवाय.

पावसाळा सरता सरता, अर्ज भरायचे दिवस येतात तेव्हा, गावात दोन याद्या तयार होत असतात. एक शाळेतल्या संगणकावर, सातवीचे टक्के, उत्पन्नाचा दाखला, आईचं नाव. दुसरी मुकादमाच्या वहीत, कोयते किती, उचल किती, बरोबर पोरं किती. काही घरांची नावं दोन्हीकडं असतात.